कंदिलाचं तिसरं उत्तर

सकाळी सहाला सगळ्या गावाचे मोबाइल एकदम कोकलले. धरणाचा इशारा होता. दरवाजे उघडतायत, पाणी संध्याकाळी सहाला संगमावर पोचणार. पूर्वी पूर यायचा तर नदी दोन दिवस आधी रंग बदलून सांगायची. आता वरची सगळी धरणं एकाच यंत्राच्या ताब्यात दिलीत, आणि ते यंत्र कोणाला दोन दिवस देत नाही. बारा तास म्हणजे बारा तास.

मी चहाचं आधण खाली उतरवलं आणि पोराला हाक मारली. पोरगा म्हणजे इरगोंडा, अठ्ठेचाळीस वर्षांचा. माझ्या हाकेला अजून धावत येतो.

"अव्वा, किती पेवं निघतील?"

"आठही."

"जुन्या रीतीनं दोन निघाली तरी—"

"जुन्या रीतीनं म्हणालं कोण? तुझ्या पोरीला उठीव. आणि तिच्या त्या नळीला."

तो माझ्याकडं बघतच राहिला. चार महिने त्या नळीबद्दल माझ्या तोंडून एक शब्द बरा निघाला नव्हता.

आता पेव म्हणजे काय ते सांगते, नाहीतर शहरातली माणसं पेव म्हणजे तळघर समजतात. जमिनीत पुरलेली भली मोठी घागर डोळ्यांपुढं आणा. तोंड दोन हात, पोट वीस-पंचवीस फूट खोल. आतून उसाचा पाला, त्यावर चटया, आणि मग खांद्यापर्यंत हळकुंडं. वर दगड, दगडावर माती. हळद तिथं वर्ष-वर्ष झोपते, कीड लागत नाही, रंग उलट चढतो. कीड लागत नाही, कारण आत किड्याला श्वास घ्यायला काही उरत नाही. हळकुंडं आणि पाला मिळून आतला प्राणवायू खातात आणि जड हवा सोडतात. तिला रंग नाही, वास नाही. दगड काढला तरी ती वर येत नाही, निवळलेल्या ताकातल्या साक्यासारखी खाली बसून राहते. त्यात माणूस उतरला की दोन श्वासांत आडवा.

म्हणून रीत अशी. दगड काढायचा, सहा तास थांबायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदिलाची उत्तरं दोनच, जळतो नाहीतर विझतो. विझला तर कोणी काही बोलायचं नाही. जळाला तर थोरल्यानं एक शब्द म्हणायचा, "उतर." त्या शब्दाशिवाय कोणी पाय टाकायचा नाही, आणि एकदा म्हटलेला शब्द मागं घ्यायचा नाही.

हा शब्द आम्हा मगदुमांच्या घराकडं आहे. सासऱ्यांनी तो मरताना मुलाला दिला नाही, मला दिला. माझा नवरा चांगला होता, पण चहात साखर किती घालू हेसुद्धा विचारून घालायचा. मी नीलव्वा, तिसरीतून शाळा सोडलेली, चाळीस वर्षं 'उतर' म्हणतेय. खाली गेलेला एकही माणूस वर यायचा राहिला नव्हता. हे मी कुठल्याही सभेत उभं राहून सांगायचे, आणि सगळे इंजिनिअर खाली बघायचे.

माझी नात शिवलीला चैत्रात ती नळी घेऊन आली. सहा फुटांची पोलादी नळी, तीन पायांवर उभी. बेंगळुरूला सात वर्षं शिकून पोरगी बोअरचा पाइप घेऊन आली, असं मी चारचौघांत म्हणाले. तिनं मनावर घेतलं नाही. माझंच रक्त आहे.

अंगणात तिनं काचेची पेटी ठेवली, खाली जड हवा भरली आणि दिसावी म्हणून तिच्यात उदबत्तीचा धूर सोडला. धूर पेटीच्या निम्म्यात येऊन थांबला. वर स्वच्छ, खाली पांढरं, मध्ये सुरेख रेघ.

"ही हद्द, आज्जी. वर हलकी हवा, खाली जड. वरून पंखा लावला तर वरची फिरते, खालची ढिम्म."

"तुझ्या बापासारखी."

इरगोंडा कट्ट्यावर बसला होता, तो हसला. त्याला काहीही म्हटलं की तो हसतो.

नळीच्या वरच्या कप्प्यात सिलिंडरमधून हवा ठासून भरायची, खाली पातळ पत्र्याचा पडदा. पडदा फाटला की ती दाबलेली हवा पुढच्या हवेला अशी थप्पड मारते की ती थप्पड आवाजाच्याही पुढं पळते. शिवलीला तिला धक्कालाट म्हणते. तिनं कळ दाबली. फाट् झालं, कुत्रं परसात पळालं, आणि पेटीत जिकडंतिकडं धूर. मला काडीचं कळलं नाही. मग तिनं तेच मोबाइलवर सावकाश चालवून दाखवलं.

रेघ आधी खाली दबली. तिच्यावर कुठं कुठं बारीक सुरकुत्या होत्या, डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढ्या. त्या वाढायला लागल्या. बांधावर अळंबी फुटावी तसे धुराचे देठ वर आले, त्यांना टोप्या आल्या, टोप्यांच्या कडा आत वळल्या. तेवढ्यात धक्का पेटीच्या तळाला आपटून परत आला, आणि परत येताना त्यानं त्या सगळ्या अळंब्यांच्या चिंध्या केल्या. रेघ राहिलीच नाही.

"हे कशानं गं?"

"धक्का सरळ खाली जातो. हद्द मात्र थोडी वाकडी असते. हलकी हवा त्याच्यापुढं जोरात पळते, जड हवा सावकाश. वाकड्या जागी दोघींची ओढ जुळत नाही, मग तिथं भोवरा सुटतो. आणि एकदा सुटला की धक्का निघून गेला तरी तो फिरतच राहतो."

"हद्द अगदी सपाट असती तर?"

तिच्या कॉलेजात हा प्रश्न कोणी उशिरा विचारला असेल, असं तिच्या तोंडावर दिसलं.

"तर नुसती दबली असती. मिसळली नसती. पण अगदी सपाट काही नसतंच, आज्जी."

"ते मला सांगू नको, मी तीन जावांच्या घरात नांदले. मिसळून फायदा काय ते सांग. हवा तर आतच राहिली."

"म्हणून लगेच पंखा लावून ओढायची. मिसळलेली हवा पंख्याचं ऐकते. सहा तासांचं काम वीस मिनिटांत. मग जड हवा मोजणारा मीटर खाली सोडायचा. आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली आला तरच माणूस उतरवायचा."

"तू मीटर लाव नाहीतर पंचांग बघ. मी 'उतर' म्हणणार ते कंदील बघून."

"आज्जी, रेघ असते तोवर कंदील खरं बोलतो. रेघ मोडली की—"

मी उठून आत गेले. माझ्या अंगणात माझ्या कंदिलाला खोटं म्हणणारी ती पहिलीच. वाक्य अर्धंच राहिलं.

तर, पुराच्या दिवशी. पाऊस उभा कोसळत होता. उघड्या पेवात पाणी गेलं तर हळद कुजते, म्हणून तोंडावर ताडपत्रीचा मांडव लागतो, आणि मांडव एकच. हळद वर खेचायला डब्यांचा पट्टा आहे, ट्रॅक्टरवर चालतो, तोही एकच. पट्ट्याच्या तोंडाशी हळद लोटायला खाली एक माणूस उभा राहावा लागतो. तो माणूस म्हणजे इरगोंडा. गडी दुसरेही होते, पण माझ्या शब्दावर दुसऱ्याचं पोर उतरवायचं आणि आपलं वर ठेवायचं, हे मला जमलं नाही. आणि आमचं पेव आठवं लावलं. नंतर कोणी तोंड वर करून बोलायला नको.

पहिलं पेव सात वाजता उघडलं. नळी उभी केली, फाट्, पंखा, मीटर. मीटर शून्य पॉइंट तीन. मी कंदील सोडला. जळाला. "उतर." साडेआठला पेव रिकामं. दुसरं, तिसरं, चौथं. पट्टा खडखडत होता, माणसं पिवळीधमक झाली होती, आणि गावातली ज्यांनी चैत्रात माझ्याबरोबर नळीला नावं ठेवली तीच आता शिवलीलाच्या डोक्यावर छत्री धरून उभी. मलाही आतून बरं वाटत होतं. मी ते दाखवलं नाही.

पाचवं पेव चंपव्वाचं. चंपव्वा बिरनाळे माझ्या वयाची, माझ्याच वर्षी लग्न होऊन या गावात आलेली, आणि पन्नास वर्षं तिचं नि माझं एका गोष्टीत एकमत नाही. एक वाजत आला होता. दगड काढला, नळीचा धक्का दिला, पंख्याचं बटण दाबलं. पंखा घरघरला, जळका वास आला आणि थांबला. मोटर गेली.

शिवलीलानं मीटर सोडला. "साडेचार," ती म्हणाली. "कोणी उतरायचं नाही. सांगलीहून दुसरी मोटर मागवूया."

"येईस्तोवर?"

"दोन तास. अडीच."

चंपव्वानं पदर कमरेला खोचला. "बरोबर माझ्याच पेवाला पंखा जळला. चारांची निघाली तोवर यंत्र धडधाकट. नीलव्वा, हे तुझं आठवं असतं तर तू कंदील काढला असतास, मोटर मागवली नसतीस."

तिच्या मागं सहाव्या-सातव्या पेवाची माणसं उभी होती. ती घड्याळ बघत होती.

मी कंदील पेटवला.

"आज्जी, ऐक," शिवलीला माझ्या दंडाला धरून म्हणाली. "आत आता रेघ नाही. थोडी थोडी विषारी हवा सगळीकडं झालीय. कंदील विझायला लागते त्याच्या जरा खाली, माणसाला पेंगवायला लागते त्याच्या वर. आणि आप्पा हळद उकरतील तशी हळकुंडांमधली आणखी वर येणार."

"दंड सोड."

कंदील खाली गेला. एक हात, दोन हात, हळदीला टेकला. ज्योत बारकी झाली, पिवळी झाली, एका बाजूला कलली. विझली नाही. मी तिथंच थोडा वेळ धरून ठेवला. विझली नाही.

माझ्याकडं दोनच उत्तरं होती. हे त्यातलं एक होतं, असं मी ठरवलं.

"उतर," मी म्हणाले.

इरगोंडानं एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि उतरला. शिवलीला त्याला आडवी आली होती. त्यानं तिला हातानं बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदा पोरीला ढकललं असेल.

खाली गेलेल्याला वरून हाक देत राहायची, त्यानं प्रत्येक हाकेला 'हू' म्हणायचं, हीही आमची रीत.

"इरगोंडा!"

"हू!"

पट्टा सुरू झाला. हळद वर यायला लागली. चंपव्वानं पदर सोडला. मी शिवलीलाकडं बघितलं, बघ म्हणून. ती मीटरची तार पेवात सोडून आकडे वाचत होती. "पाच. सव्वापाच."

"इरगोंडा!"

"हू."

"साडेपाच. आज्जी, वर बोलव त्यांना."

शब्द मागं घ्यायचा नाही. चाळीस वर्षं घेतला नव्हता. मी आणखी एक हाक देऊन बघू म्हटलं.

"इरगोंडा!"

'हू' आला नाही. हसण्यासारखं काहीतरी आलं, आणि मग त्याचा आवाज, अगदी लहानपणी तापात बोलायचा तसा. "अव्वा, डोकं दुखतंय. जरा पडतो. उठवू नको."

पट्ट्याचे डबे रिकामे यायला लागले.

पट्टा बंद झाला, आणि दऱ्याप्पा, आमच्या टोळीतला धट्टाकट्टा गडी, पेवाच्या तोंडात पाय सोडून बसला. हेच होतं नेहमी, दुसऱ्या गावांत. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

"दऱ्याप्पा, पाय वर घे! कोणी उतरायचं नाही," मी ओरडले. "माझा शब्द चुकला. मी मागं घेतला. ऐकलं सगळ्यांनी? चुकला."

शिवलीला तोवर नळीकडं धावली होती. सिलिंडरची रबरी नळी तिनं पान्यानं सोडवली आणि ओढत आणली. सिलिंडर एकच उरला होता, राहिलेल्या पेवांच्या धक्क्यांसाठीचा. ती क्षणभर सहाव्या-सातव्या पेवाच्या माणसांकडं बघत थांबली.

"बघतेस काय?" हे मी नाही, चंपव्वा म्हणाली. "सोड की खाली!"

नळी खाली गेली, हवा फुसफुसायला लागली. पण इरगोंडा लांब पडला होता, नळी त्याच्या तोंडापर्यंत पोचेना.

"आप्पा, नळी धरा! आप्पा!" शिवलीलाचा आवाज फाटला. खालून काही नाही.

मी तोंडाशी पालथी झोपले. दिवस असून आत अंधार, हळदीचा वास. मी विनवलं नाही. मला विनवायला येत नाही, आणि विनवलेलं त्याला कळलंही नसतं.

"इरगोंडा! ऊठ. उजव्या हाताला नळी हाय. धर."

काहीतरी हललं.

"तोंडाशी घे. घेतलीस? हू म्हण."

"...हू."

"श्वास घे. आणखी घे. दोरी येतेय, काखेत घाल. डावी काख. आता उजवी. हू म्हण."

"हू."

सात जणांनी त्याला वर ओढला. पिवळा गोळा, डोळे अर्धे मिटलेले, ओठ निळे. पावसात आडवा केला. शिवलीला सिलिंडरची उरलेली हवा त्याच्या तोंडाशी धरून बसली आणि काटा शून्यावर येईपर्यंत उठली नाही. नंतर ती मला म्हणाली, जुनी रेघ असती तर आप्पा हळदीवर वाकल्याबरोबर संपले असते. हवा मिसळलेली होती म्हणून दहा मिनिटं मिळाली. मी म्हणाले, जुनी रेघ असती तर कंदील विझला असता. दोघीही बरोबर होतो, आणि दोघींनाही त्यात गोड काही लागलं नाही.

इरगोंडा ओकला, मग बोलला. "ज्योत पिवळी होती, अव्वा. उतरताना मी बघितली."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोसलं असतं.

"तू म्हणाली होतीस की," तो म्हणाला.

सिलिंडर रिकामा, पंखा जळालेला. पाणी पावणेसहालाच आलं. चंपव्वाचं बरंचसं पेव आणि पुढची तिन्ही, आमचं धरून, बुडाली. तीन दिवस सगळा उतार पिवळ्या पाण्याचा झाला होता. मी बिरनाळ्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते घरून जुळवून नेलं होतं, ते दारात गेल्यावर आठवेना.

"माझी हळद गेली, तुझं पोरगं राहिलं," चंपव्वा आतून म्हणाली. "आता दारात उभी राहून माझा वेळ घालवू नको. चहा घे नाहीतर जा."

मी चहा घेतला. साखर जास्त होती. बोलले नाही.

त्यानंतर दहा महिने इरगोंडा घरात नेहमीसारखाच वागला. हाक मारली की यायचा, म्हटलं तर हसायचा. मलाच चैन पडेना. जेवताना मी म्हणायचे, भात घे, आणि त्यानं घेतला की मी माझं ताट बाजूला सारायचे. एकदा मुद्दाम म्हणाले, ती आंबलेली आमटी खा. त्यानं खाल्ली. मी ताट ओढून घेतलं आणि उगाच त्याच्या बायकोवर ओरडले. शिवलीला एक पंखा जादा घेऊन आली, मोटरी दोन, सिलिंडर चार. सगळ्याची सोय झाली. या एका गोष्टीची सोय कुठल्या कॉलेजात मिळते ते तिला मी विचारलं नाही.

यंदा आषाढात पहिलं पेव उघडलं. पाण्याचा इशारा नव्हता, पण तो कधीही येईल म्हणून सगळ्यांचे कान मोबाइलकडं. धक्का झाला, पंखा वीस मिनिटं चालला. शिवलीलानं मीटर सोडला आणि आकडा मोठ्यानं वाचला. "शून्य पॉइंट चार." मी कंदील सोडला. ज्योत सरळ, उजळ. टोळी माझ्याकडं बघायला लागली.

"उतर," मी म्हणाले.

इरगोंडा जागचा हलला नाही. पेवाच्या तोंडाशी उकिडवा बसला, माझ्या हातातली दोरी त्यानं आपल्या हातात घेतली, आणि कंदील या कडेला, त्या कडेला नेत खाली बघत राहिला.

"थांब, अव्वा," तो म्हणाला.

ट्रॅक्टर चालूच होता. दऱ्याप्पानं माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांत 'उतर'नंतर कोणी 'थांब' म्हटलं नव्हतं.

"बहिरे झालात काय रे?" मी टोळीला म्हणाले. "थांब म्हणतोय तो. ट्रॅक्टर बंद करा."

मी बाजूला काढलेल्या दगडावर बसले. ज्योत स्वच्छ होती, हे मला तिथूनही दिसत होतं. मीटरवर तोच आकडा होता. तरी तो बघत होता. मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"किती वेळ?" शेवटी मी विचारलं.

त्यानं मान वर केली नाही.

"मी सांगतो," तो म्हणाला.